प्रश्नपेटी : एक बैल बसला तर?



आमच्या शेलूच्या शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणाला चीर पाडलेली. हीच आपली प्रश्नपेटी, हे नेहमीच्या वाचकांना सांगायला नको. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी डबा उघडायचा आणि चिठ्ठ्या वाचायच्या. बहुतेक चिठ्ठ्या ठरलेल्या असतात. साप दूध पितो का? भूत असतं का? बाई, तुम्हाला लहानपणी गणित आवडायचं का? (या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही आणि देणारही नाही!)

या वेळी एक वेगळी चिठ्ठी निघाली. खाली नाव नव्हतं. अक्षर मी ओळखलं, पण सांगणार नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं, "विमान उडाल्या उडाल्या एक इंजिन बंद पडलं तर ते खाली पडतं का? माझे बाबा पुढच्या महिन्यात कामाला मस्कतला जाणार आहेत."

पहिलं वाक्य विज्ञानाचं आणि दुसरं काळजीचं. काळजी का, तेही कळतं. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान उडाल्याबरोबर कोसळलं, २६० माणसं गेली. टीव्हीवर ती चित्रं पुन्हा पुन्हा दाखवली गेली आणि पोरांच्या डोक्यातून ती अजून गेलेली नाहीत. पण तिथं दोन्ही इंजिनांचं इंधन जवळजवळ एकाच वेळी तुटलं होतं. तसं फार म्हणजे फारच क्वचित घडतं. चिठ्ठीतला प्रश्न एका इंजिनाचा आहे, म्हणून आपणही आज एकाच इंजिनाचं बोलू.

तर उत्तर आधी सांगून टाकते. प्रवासी विमानाचं दोनपैकी एक इंजिन बंद पडलं तर विमान पडत नाही. ते उडत राहतं, वर चढतं, वळसा घालून परत येतं आणि उतरतं. मात्र त्यासाठी पायलटला काही गोष्टी अगदी बरोबर आणि अगदी क्रमाने कराव्या लागतात. त्या कोणत्या, तेच मजेचं आहे.

आपल्याकडे आता चिखलणीला पॉवर टिलर आला, पण बैलगाडी अजून अधूनमधून दिसते. समजा, दोन बैल गाडी ओढताहेत आणि मधेच डाव्या बैलाने मान खाली घातली, तो बसला. उजवा तर ओढतोच आहे. मग गाडी कुठं जाईल? आमच्या वर्गात निम्म्या मुलांनी "थांबेल" म्हटलं. ज्यांच्या घरी बैल आहेत ती मात्र एका आवाजात ओरडली, "डावीकडे फिरेल!" बरोबर. ओढ एकाच बाजूला राहिली की जू तिरकं होतं आणि गाडी बसलेल्या बैलाच्या बाजूला वळते.

विमानाचंही नेमकं हेच होतं. दोन पंखांवर दोन इंजिनं म्हणजे बैलजोडीच. डावं इंजिन गप्प झालं की उजवं विमानाला ढकलत राहतं आणि विमानाचं नाक डावीकडे वळायला लागतं. बैलगाडी जमिनीवर असते, ती फार तर बांधावर चढेल. विमान हवेत असतं. नाक डावीकडे वळलं की उजवा पंख पुढे येऊन जास्त उचलला जातो, डावा मागे राहून खाली जातो. म्हणजे विमान वळतंही आणि कलंडतंही. वेळीच आवरलं नाही तर ते पाठीवर पडू शकतं.

गाडीवान काय करतो? उजव्या कासऱ्याला ताण देतो. पायलटचा कासरा त्याच्या पायाशी असतो. दोन पायांखाली दोन पेडल, आणि त्यांना जोडलेलं शेपटीवरच्या उभ्या पंखातलं सुकाणू. डावं इंजिन गेलं की उजवं पेडल दाबायचं. चांगलं जोरात दाबायचं आणि दाबूनच धरायचं, पाय भरून आला तरी. शिवाय विमान चालू इंजिनाच्या बाजूला किंचित झुकवून धरतात, म्हणजे तोल सांभाळायला मदत होते.

आता यात एक मेख आहे. होडीचं सुकाणू पाणी वेगाने मागे जात असेल तरच काम करतं. थांबलेल्या होडीत बसून सुकाणू कितीही फिरवा, होडी ढिम्म हलत नाही. विमानाच्या सुकाणूचंही तसंच. वेग फार कमी झाला तर पेडल तळापर्यंत दाबूनही नाक आवरत नाही. म्हणून दोन पंख्यांच्या लहान विमानात वेग दाखवणाऱ्या तबकडीवर एक लाल रेघ असते. एक इंजिन बंद असताना त्या रेघेच्या खाली वेग जाऊ द्यायचा नाही. तिच्या थोडी वर एक निळी रेघ असते. त्या वेगाला एका इंजिनावर विमान सगळ्यात चांगलं चढतं. लाल रेघ विसरला की खेळ संपला. घाबरलेला माणूस काय करतो, तर जमीन जवळ दिसते म्हणून नाक वर ओढतो. नाक वर गेलं की वेग कमी होतो आणि काटा लाल रेघेकडे सरकतो. म्हणजे भीतीपोटी जे हात आपोआप करतात, तेच नेमकं करायचं नसतं.

पुढचा प्रश्न वर्गातल्या एका हुशार मुलाने विचारला. "बाई, दोन इंजिनांतलं एक गेलं म्हणजे विमान निम्म्या वेगाने चढेल ना?"

दिसायला सोपं गणित आहे, पण फसवं आहे. आपण घरखर्चाचं उदाहरण घेऊ. एका घरात आई आणि बाबा दोघंही कमावतात, प्रत्येकी ५० रुपये. (रुपये कमी वाटत असतील तर पुढे हवी तेवढी शून्यं लावा.) घरात येतात १०० रुपये. खर्च ४० रुपये. शिल्लक ६०. आता एकाचं काम सुटलं. घरात येणार ५० रुपये. खर्च मात्र तेवढाच, ४०. शिल्लक किती? फक्त १०! मिळकत निम्मी झाली, पण शिल्लक निम्मी नाही झाली, ६० वरून १० वर आली.

विमानाला नुसतं सरळ उडत राहायलाच बरीच ताकद खर्च करावी लागते. त्यातून जी उरते तिच्यावर ते चढतं. म्हणून लहान दोन पंख्यांच्या विमानात एक इंजिन गेलं की चढण्याची ताकद निम्मी नाही, चांगली ८० टक्क्यांनी किंवा त्याहूनही जास्त घटते. त्यात खर्च वाढतो तो वेगळाच. विमान थोडं तिरकं चालतं, आणि बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने भिरभिरत राहून उलट अडवतो. तो अडथळा कमी करायला पायलट त्या पंख्याची पाती फिरवून त्यांची धार वाऱ्याकडे करतो. वाऱ्यात छत्री उघडी धरा आणि मग मिटून धरा, म्हणजे फरक लगेच कळेल. चाकंही झटपट पोटात घ्यायची, कारण तीही वाऱ्याला अडतात.

चार-सहा माणसांची ही लहान विमानं एका इंजिनावर चढलीच पाहिजेत, असा कडक नियम नाही. भर उन्हाळ्यात, विमान गच्च भरलेलं असताना कधी कधी ती चढूही शकत नाहीत. मग शहाणा पायलट समोर जी मोकळी जागा दिसेल तिथं सरळ उतरतो.

बाबांचं मस्कतचं विमान मात्र मोठं. त्याला नियम कडक. दोन इंजिनांच्या मोठ्या प्रवासी विमानाने, एक इंजिन बंद असताना, चाकं आत घेतल्यावर प्रत्येक १०० मीटर पुढे जाताना निदान २.४ मीटर वर चढलंच पाहिजे. म्हणजे साधारण ४२ मीटरला एक मीटर. हा आकडा वाचून मी कागद-पेन्सिल घेऊन बसले, कारण असाच एक आकडा आपल्या घरामागेच आहे. कर्जतहून गाडी लोणावळ्याकडे निघाली की बोरघाटाचा सगळ्यात तीव्र चढ किती? ३७ मीटरला एक मीटर! म्हणजे बोरघाटाच्या रुळापेक्षा थोडासा सौम्य असा तो चढ. ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा करत गाडी ज्या चालीने वर जाते ती आठवा, आणि तसाच एक अदृश्य रूळ हवेत आहे असं समजा. एका इंजिनावरचं विमान निदान तेवढं चढतं. दोन्ही इंजिनं चालू असली की ते याच्या कितीतरी पट उभं चढतं, ते आपण पाहतोच.

गंमत बघा. कर्जत स्टेशनात गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, ज्यांना आपण बँकर म्हणतो. ती जोडेपर्यंत लोक खाली उतरून वडे खातात. रेल्वेला घाटाआधी थांबून जादा इंजिन मागवता येतं. विमानाला ते शक्य नाही. म्हणून जादा ताकद आधीपासूनच बरोबर न्यावी लागते. दोन इंजिनांच्या विमानात प्रत्येक इंजिन एकट्याने विमान वर नेईल इतकं दांडगं असतं. शिवाय दर उड्डाणाआधी हिशोब होतो : आज ऊन किती, धावपट्टी किती लांब, पुढे डोंगर आहे का. ऊन जास्त असेल तर हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी, मग वजनही कमी न्यायचं.

याच हिशोबातून एक वेग ठरतो. त्याला पायलट 'व्ही वन' म्हणतात. आपण त्याला निर्णयाचा वेग म्हणू. विमान धावपट्टीवर पळतंय आणि या वेगाच्या आधी इंजिन गेलं, तर ब्रेक मारून थांबायचं. या वेगानंतर गेलं, तर थांबायचं नाही, कारण आता धावपट्टी पुरणार नाही. उडायचंच. वेग गाठला की शेजारचा पायलट मोठ्याने "व्ही वन" म्हणतो आणि कॅप्टन इंजिनाच्या दांड्यांवरचा हात काढून घेतो. मला ही सवय फार आवडली. घाबरून चुकून दांडी मागे ओढली जाऊ नये म्हणून हातच तिथून काढायचा!

आणि उडाल्यावर? पायलट लगेच धावपळ करत असतील, बटणं दाबत असतील, असं आपल्याला सिनेमा पाहून वाटतं. खरं उलट आहे. सर्वसाधारण शिस्त अशी, की जमिनीपासून निदान ४०० फूट, म्हणजे चाळीस मजली इमारतीएवढं वर जाईपर्यंत विमान सरळ ठेवायचं, चाकं आत घ्यायची आणि बाकी इंजिनाच्या दांड्यांना, बटणांना हात लावायचा नाही. आधी विमान उडवायचं, मग कुठं जायचं ते बघायचं, मग रेडिओवर बोलायचं. हाच क्रम.

घाईने काय होतं, ते ४ फेब्रुवारी २०१५ ला तैवानमधल्या तैपेई शहरात जगाने पाहिलं. आपल्याकडे लहान शहरांना जाणारी पंख्यांची विमानं असतात ना, त्याच जातीचं, एटीआर विमान. त्यात ५८ माणसं होती. उडाल्यावर मिनिटभरातच चुकीच्या संकेतामुळे उजव्या इंजिनाचा पंखा आपोआप धारेला गेला. म्हणजे उजवं इंजिन निकामी. डावं ठणठणीत होतं. एवढ्यात विमान परत आणता आलं असतं. पण कॅप्टनने घाईत डाव्या, चालू असलेल्या इंजिनाची दांडी मागे ओढली आणि ते बंद करून टाकलं. चूक लक्षात आली तेव्हा फार उशीर झाला होता. विमान एका उड्डाणपुलाला घासून नदीत पडलं. ४३ जण गेले, १५ वाचले.

बसला कुठला बैल आणि सोडला कुठला, असं झालं ते. म्हणून शिकाऊ पायलटकडून एक युक्ती घोकून घेतात. ज्या पायाला काम नाही, त्या बाजूचं इंजिन बंद. म्हणजे विमान सरळ ठेवायला उजवा पाय जोर लावतोय आणि डावा रिकामा बसलाय, तर गेलेलं इंजिन डावं. एवढ्यावरही विश्वास ठेवायचा नाही. त्या इंजिनाची दांडी हळूच थोडी मागे घेऊन बघायची. काहीच फरक पडला नाही तर तेच बंद आहे. फरक पडला तर? थांब, बाबा, तू चालू इंजिनाला हात लावलास! मोठ्या विमानात दुसरा पायलटही बघून "हो, हेच" म्हणतो, तेव्हाच पुढची कृती.

इथवर सांगून मी थांबले असते तर मुलं खुशीत घरी गेली असती. पण आपल्या मुंबईत घडलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आधी मला वाटलं, सांगू नये. मग वाटलं, अर्धं खरं सांगितलं तर पोरं उरलेलं कुठूनतरी ऐकतातच, तेही तिखटमीठ लावून.

१२ ऑक्टोबर १९७६. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. मध्यरात्र उलटल्यावर सांताक्रूझ विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल विमान मद्रासला निघालं. आत ८९ प्रवासी आणि ६ कर्मचारी. कॅराव्हेलची दोन्ही इंजिनं पंखांवर नसत, शेपटीजवळ अंगाला चिकटून असत. म्हणजे दोन बैल अगदी खांद्याला खांदा लावून. एक थांबला तरी गाडी फारशी वळणार नाही. तरीही ते विमान वाचलं नाही. का?

कारण ते इंजिन नुसतं बंद पडलं नव्हतं, फुटलं होतं. जेट इंजिनात हवा दाबणाऱ्या धातूच्या चकत्या प्रचंड वेगाने फिरतात. उजव्या इंजिनातल्या अशा एका चकतीला बारीक भेग पडली होती. एखादी तार हातात घेऊन वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. दहा-वीस वेळा केलं की ती तुटते. जोर फार लागत नाही, धातू थकतो. तसाच थकवा त्या चकतीला आला होता. ती फुटली, तुकड्यांनी इंधनाची नळी कापली आणि आग लागली. पायलट लगेच विमानतळाकडे वळले. पण जेसीबीचा हात जसा तेलाच्या दाबावर हलतो, तशी त्या विमानाची सुकाणू आणि पंखांवरच्या झडपा तेलाच्या दाबावर हलत. आगीने ते तेलच संपवलं. धावपट्टी समोर असताना विमान ऐकेनासं झालं आणि तिच्या थोडं अलीकडे कोसळलं. ९५ पैकी कुणीही वाचलं नाही.

वर्ग अगदी शांत झाला होता. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "मग आता तशी चकती फुटली तर?"

आता अशा प्रत्येक चकतीचं आयुष्य मोजलेलं असतं. इतकी उड्डाणं झाली की ती काढायची म्हणजे काढायची, दिसायला नवीकोरी असली तरी. मधल्या काळात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगाही तपासतात. विमानात तेलाच्या दाबाच्या एकापेक्षा जास्त वेगवेगळ्या व्यवस्था असतात. आणि आग लागली तर एक खास दांडी ओढतात, तिने त्या इंजिनाकडे जाणारं इंधन आणि तेल तोडलं जातं आणि आग विझवणारा वायू सोडता येतो. या सगळ्याने धोका शून्य होतो का? नाही. खूप खूप कमी होतो.

आणि हो, पाटण्याची गोष्ट राहिलीच. १९ जून २०२२, रविवारची दुपार. स्पाइसजेटचं बोइंग ७३७ विमान पाटण्याहून दिल्लीला निघालं, आत १८५ प्रवासी. उडतानाच डाव्या इंजिनात पक्षी गेला. इंजिनातून आगीच्या ज्वाळा निघताना खालच्या लोकांनी पाहिल्या, कुणीकुणी त्याचं चित्रणही केलं. कॅप्टन मोनिका खन्ना आणि त्यांचे जोडीदार बलप्रीत सिंग भाटिया यांनी ते इंजिन बंद केलं, एका इंजिनावर वळसा घातला आणि परत येऊन विमान उतरवलं. पाटण्याची धावपट्टी म्हणजे दोन किलोमीटरच्या आसपास, लहानच म्हणायची. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नंतर पाहिलं तर इंजिनाच्या पंख्याची पाती पक्ष्याच्या धडकेने मोडली होती.

कॅप्टन बाई आहेत म्हटल्यावर आमच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मुलांनी उगीचच बाकं वाजवली.

त्यांना हे जमलं कसं? विमान चालवणाऱ्या प्रत्येक पायलटची दर सहा महिन्यांनी परीक्षा होते, सिम्युलेटरमध्ये. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरचं खोटं विमान, पण आतून हुबेहूब खरं. आणि त्या परीक्षेतला एक ठरलेला प्रश्न कोणता? 'व्ही वन' नंतर इंजिन बंद! तुमची सहामाही आणि वार्षिक असते ना, तशीच. फक्त पेपर आधीच माहीत असूनही तो सोपा नसतो. आपल्या महाराष्ट्रात धुळे, बारामती, गोंदिया इथं विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्था आहेत. मुलं-मुली आधी एका इंजिनाचं लहान विमान शिकतात, मग दोन इंजिनांचं. उंच, सुरक्षित आकाशात शिक्षक काहीही न सांगता एका इंजिनाची दांडी मागे ओढतात आणि म्हणतात, हं, आता सांभाळ.

आपल्या रायगडातल्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, तेव्हा यापुढे विमानं पाहायला मान वर करायचे प्रसंग आपल्याला भरपूर येणार. चिठ्ठीवाल्या दोस्ता, तुझ्या बाबांना विमानाच्या मधल्या भागात खिडकी मिळाली तर पंख आणि इंजिन जवळून पाहायला सांग, आणि परत आल्यावर त्यांच्याकडून चित्र काढून घे.

आता तुमच्यासाठी काम. पाटण्याच्या विमानाचं डावं इंजिन बंद होतं. विमान सरळ ठेवायला पायलटने कोणतं पेडल दाबून धरलं असेल? आणि तैपेईच्या विमानात, उजवं इंजिन गेलेलं असताना, कोणता पाय रिकामा असायला हवा होता? दोन्ही उत्तरं कारणांसह एका पोस्टकार्डावर लिहून पाठवा. नुसतं 'डावा-उजवा' लिहिलेलं चालणार नाही!

तुमची,
शेलूची बाई